उजवा पाय गुडघ्याखाली काढल्यावर पुन्हा कार: कृत्रिम पाय, डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर की हाताचा लिव्हर?

खडकवासला_वारा
नमस्कार मंडळी. केस सरळ मांडतो, म्हणजे उत्तरंही नेमकी मिळतील. वय ४६. मधुमेहामुळे उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला. कृत्रिम पायावर काठीशिवाय चालणं जमतं. डावा पाय आणि दोन्ही हात ठीक. वीस वर्षं मॅन्युअल गाडी चालवायची सवय. ती विकून ऑटोमॅटिक घ्यायची तयारी आहे.

पर्याय तीन दिसतात. एक, कृत्रिम पायानेच पेडल दाबायचं. दोन, ब्रेकच्या डावीकडे दुसरा ॲक्सिलरेटर बसवून डाव्या पायाने चालवायचं. तीन, स्टिअरिंगजवळ लिव्हर बसवून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हाताने.

माझं मत दुसऱ्याकडे झुकतंय. वीस वर्षं पायानेच वेग सांभाळलाय, आता हाताला नवीन काम कशाला शिकवायचं? चुकत असेन तर सांगा.

गिअरबॉक्स
सगळ्यात आधी एकच: गाडी अजून बुक करू नका. आधी पर्याय ठरवा, मग त्याला साजेशी गाडी. लोक उलट करतात आणि किट, म्हणजे जादा पेडल किंवा लिव्हरचा संच, बसवताना अडकतात.

डाव्या पायाचं पेडल बसवायचं तर ब्रेक पेडल आणि डावीकडची पाय टेकायची जागा यांत किती अंतर उरतं ते टेप लावून मोजा. हाताचा लिव्हर असेल तर स्टिअरिंगखाली गुडघ्याला मोकळी जागा हवी. लिव्हरचा दांडा पूर्ण दाबल्यावर गुडघ्यावर किंवा मांडीवर आला, तर ब्रेक शेवटपर्यंत लागणारच नाही. शोरूममध्ये बसून सीट आपल्या जागी आणा आणि मगच मोजा. दुसऱ्याच्या उंचीला लावलेल्या सीटवर घेतलेलं माप कामाचं नाही.

कोकणकडा_७२
कृत्रिम पायाने चालवणारे आहेत की बरेच. मॅन्युअलसुद्धा चालवतात. मग एवढा खर्च कशाला?

ओटी_दादर
@कोकणकडा, चालवतात हे खरं. पण घोट्याची हालचाल गेली की पेडलवरचा ताबा गुडघा आणि मांडीतून येतो. निरोगी पायाची टाच जमिनीवर टेकलेली असते आणि पंजा घोट्यातून मिलिमीटरच्या हिशेबाने खालीवर होतो. कृत्रिम पायात टाच टेकवून पंजा दाबता येत नाही, अख्खा पाय उचलावा लागतो. शिवाय तळव्याला स्पर्श नाही. पाय ब्रेकवर आहे, कडेवर आहे की ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवर, हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही. जयपूर फूट, म्हणजे आपल्याकडचा रबरी कृत्रिम पाय, पुढून रुंद असतो, त्यामुळे दोन पेडल एकदम दाबली जाण्याची भीती त्यात जास्त. आणखी एक: बुटाचं टोक ब्रेक पेडलच्या खाली अडकतं. घाईत पाय उचलताना हे होतं आणि नेमकी घाई असते तेव्हाच ते परवडत नाही.

सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाची वरची वाटी, तिचं फिटिंगही दिवसभर तेच राहत नाही. सूज उतरली की स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आत सैल होतो आणि पाय थोडा वळतो. सकाळी पेडलवर बरोबर पडणारा पंजा संध्याकाळी सेंटीमीटरभर बाजूला पडतो.

डाव्या पायाचं विच्छेदन असतं तर प्रश्नच नव्हता. ऑटोमॅटिक घ्या आणि चालवा, कुठलाही बदल नको.

आता मूळ मुद्दा. @खडकवासला_वारा, "वीस वर्षं पायाने चालवलंय" हे तुम्ही दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने सांगताय. मला तोच त्यातला सर्वांत मोठा धोका वाटतो. मॅन्युअल गाडीत अचानक कोणी आडवं आलं की दोन्ही पाय एकदम खाली जातात: उजवा ब्रेकवर, डावा क्लचवर. डाव्या पायाला वीस वर्षांत एकच शिकवण मिळालेली आहे, संकटात तळापर्यंत दाब. तिथे क्लच होता म्हणून ते चाललं. नव्या गाडीत क्लचच्याच जागी ॲक्सिलरेटर आला. डोकं शांत असताना पाय बरोबर वागेल. पण शाळेसमोर मूल धावत आलं की जुनी सवय आधी उठते, आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळते.

नव्याने शिकणाऱ्याकडे पाटी कोरी असते. पुन्हा शिकणाऱ्याला आधी पुसावं लागतं, आणि पुसणं शिकण्याहून अवघड.

तळजाई_टेकडी
ओटी_दादर यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. क्लचच्या जागेचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता.

नर्मदेहर
थोडा विरोध नोंदवतो. डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर वाईट नाही, अर्धवट बसवलेला वाईट. त्यात तीन गोष्टी असायलाच हव्यात. उजवीकडच्या मूळ ॲक्सिलरेटरवर झाकण किंवा आडवी पट्टी, नाहीतर निर्जीव उजवा पाय घसरून त्यावर पडतो आणि आपल्याला कळतही नाही. दुसरं, अख्खा संच एका प्लेटवर असावा आणि खटक्याने काढता यावा, कारण घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी घेतली तर त्याच्या डाव्या पायाखाली अनोळखी ॲक्सिलरेटर नको. तिसरं, दोन्ही ॲक्सिलरेटर जोडणाऱ्या दांड्याखाली सैल रबरी मॅट बिलकूल नाही. मॅट सरकून दांड्यात अडकली की ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो.

ज्याने कधी मॅन्युअल चालवलीच नाही, अशा तरुण मुलासाठी हा पर्याय मी पहिला सुचवीन. या केसमध्ये ओटी_दादर म्हणतात ते पटतंय.

पांढरी_रेघ
हाताच्या लिव्हरबद्दल कुणी सविस्तर लिहा ना. ढकलायचा की ओढायचा?

गिअरबॉक्स
साधारण दोन प्रकार बघायला मिळतात.

पहिल्यात पुढे ढकललं की ब्रेक, स्वतःकडे ओढलं की ॲक्सिलरेटर. ब्रेक ढकलायलाच असतो त्याला कारण आहे. जोरात ब्रेक लागला की अंग पुढे जातं आणि तो भार ब्रेकवरच वाढतो. उलट ठेवलं असतं तर प्रत्येक ब्रेकला हात ॲक्सिलरेटरकडे गेला असता. तोटा असा की लांबच्या प्रवासात सतत ओढून धरल्याने मनगट भरून येतं. खड्ड्यात अंग हललं की हातही हलतो आणि गाडी हिसके खाते. कोपराला टेकायला दारावर किंवा मधल्या कन्सोलवर जागा असेल तर हे निम्म्याने कमी होतं.

दुसऱ्यात ब्रेक ढकलूनच, पण ॲक्सिलरेटर मूठ पिळून, स्कूटरसारखा. मोठा फायदा चढावर: ब्रेक धरलेला असतानाच मूठ पिळता येते. पहिल्या प्रकारात एका वेळी एकच होतं, त्यामुळे ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरकडे जाईपर्यंत गाडी मागे येते. म्हणून तो लावायचा तर गाडीत चढावर धरून ठेवणारी सोय, म्हणजे हिल होल्ड, हवीच. एएमटी गाड्यांत, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप बदलणाऱ्या गाड्यांत, तर नक्की तपासा. खंबाटकी किंवा बोरघाटात रांग लागली की याचं महत्त्व कळतं.

आणि एक प्रयोग प्रत्येकाने करावा, गाडी उभी असताना. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. दोन-तीनदा मऊ लागेल, मग दगडासारखा घट्ट. आता तो दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा, ब्रेक थोडा आत बसेल. बसला म्हणजे बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग, चांगला. यातून शिकायचं ते असं: चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच जोर शिल्लक असतो. पायात घट्ट ब्रेक दाबायची ताकद असते, एका हातात तेवढी नसते. त्यामुळे इंजिन गेलं तर पंप करायचा नाही. एकदाच घट्ट दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही.

डाव्या_लेनमधून
हात लिव्हरवर, मग स्टिअरिंग एकाच हाताने. त्यासाठी नॉब लागतो. ट्रकवाले लावतात तसला शोभेचा स्वस्त नॉब घेऊ नका, त्याचा पट्टा वळणात सैल होऊन घसरतो. बेअरिंगवर मोकळा फिरणारा आणि बोल्टने आवळलेला घ्या. जागा बरेच प्रशिक्षक खालच्या अर्ध्या भागात देतात: उजवा हात असेल तर घड्याळातल्या ४ च्या सुमारास, डावा असेल तर ८ च्या. हात एअरबॅगसमोरून आडवा जात नाही.

इंडिकेटर विसरू नका. मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची काडी उजवीकडे असते, फोक्सवॅगन-स्कोडात डावीकडे. लिव्हर कुठल्या हाताला येणार हे त्यावरून ठरवा. ज्या हाताच्या बोटांना काडी पोचते त्याच हातात नॉब असेल तर वळणात इंडिकेटर, हॉर्न आणि स्टिअरिंग सगळं त्याच्यावर येतं. हॉर्न आणि इंडिकेटरची बटणं लिव्हरच्या मुठीवर घेतली तर हा ताण जातो.

बाप्पा_नागपूरकर
विषय जरासा बाजूला नेतो. लहान गावात कार नाही, स्कूटर चालते. साइड व्हील लावलेल्या स्कूटरबद्दल कोणी सांगा बाप्पा.

रंकाळा_गॅरेज
सांगतो की. साइड व्हील लावली की ती स्कूटर राहत नाही, तीनचाकीसारखी वागते. हे डोक्यात बसेपर्यंत वेगाने वळायचं नाही. दोन चाकांवर वळताना आपण अंग आणि गाडी आत झुकवतो. साइड व्हीलची गाडी झुकत नाही, हँडल वळवूनच वळते आणि अंग बाहेर फेकलं जातं. जुना स्कूटरवाला सवयीने झुकायला जातो आणि गाडी सरळच जाते. हेही ओटी_दादर म्हणतात तेच, जुनी सवय. वळणाआधी वेग १५ वर आणायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही.

दुसरं, ब्रेक. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले येतात, नेहमीच्या स्कूटरमध्ये डावा लिव्हर दाबला की मागचा आणि पुढचा दोन्ही लागतात. उजवा दाबला तर फक्त पुढचा. डावा हात कमजोर असेल तर माणूस फक्त पुढच्या ब्रेकवर राहतो. ओल्या रस्त्यावर ते वाईट. आधी डाव्या मुठीची ताकद बघा, मग गाडी.

साइड व्हीलची हवा आणि उंची दोन्हीकडे सारखी पाहिजे. एक बाजू अर्धा इंच खाली असली तरी गाडी त्या अंगाला ओढते. आणि खड्डा चुकवताना लक्षात ठेवायचं, आता एक नाही, तीन रेषा चुकवायच्या आहेत.

बाप्पा_नागपूरकर
मस्त माहिती. धन्यवाद!

मोगरा
पक्षाघातानंतर काय? डावी बाजू अशक्त झालेली, आता चालणं सुधारलंय, डॉक्टर "हरकत नाही" म्हणतात.

फिजिओताई_मिरज
@मोगरा, ताकद सुधारणं आणि गाडीला तयार असणं यात फरक आहे. डावी बाजू गेली म्हणजे बहुधा मेंदूचा उजवा भाग दुखावला. त्यात एक दोष राहून जातो: डावीकडचं जग लक्षातच येत नाही. डोळा ठीक असतो, मेंदू नोंद घेत नाही. रुग्णाला स्वतःला याची जाणीव नसते, म्हणून त्याला विचारून उपयोग नाही. घरच्यांनी बघायचं. ताटातल्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहते का? दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो का? घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजवीकडे गर्दी करतात का? यातलं एकही दिसलं तर गाडी नाही. आपल्याकडे डावीकडून चालवतात, म्हणजे पादचारी, उभ्या रिक्षा आणि फटीतून घुसणारे दुचाकीवाले सगळे त्याच हरवलेल्या बाजूला.

दोन्ही डोळ्यांनी अर्धंच दिसणं हा वेगळा दोष. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. नुसता अक्षरांचा तक्ता वाचून हे कळत नाही.

आणि प्रतिक्रियेचा वेळ. ताशी ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे आठ मीटर पुढे, दोन मोटारींची लांबी.

मोगरा
ताटाचं लक्षात आलं नव्हतं. आजच बघते. आभार.

कागदोपत्री
कायद्याचं सांगतो, कारण इथे चूक झाली तर अपघातानंतर विमा अडतो.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ ला दुरुस्ती होऊन जुन्या शब्दाच्या जागी "अडॅप्टेड व्हेइकल" म्हणजे अनुकूलित वाहन आलं. लायसन्सवर तो वर्ग स्वतंत्र असतो. जुनं लायसन्स खिशात आहे म्हणून नवी गाडी हाणायची नाही. लर्निंगच्या अर्जात फॉर्म १ वर स्वतःच्या प्रकृतीचं निवेदन द्यावं लागतं. त्यात फिट येणं किंवा अचानक शुद्ध हरपणं, हात किंवा पाय गमावलेला असणं, २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येणं, रातांधळेपणा असे प्रश्न आहेत. खरं लिहा. फॉर्म १ए डॉक्टर भरतात, चाळिशीनंतर तो लागतोच.

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर. टेस्ट आपल्याच बदल केलेल्या गाडीवर द्यायची. शिकताना शेजारी लायसन्सधारक, तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी. आणि पुढे-मागे १८ सेंटीमीटरच्या पांढऱ्या चौकोनावर लाल एल.

गाडीतला बदल कलम ५२ खाली येतो. आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नोंद झाली पाहिजे. किट चाचणी होऊन मान्यता मिळालेलंच घ्या आणि बिलासोबत तो कागद मागून घ्या, तोच पुढे दाखवायचा असतो. नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीतल्या आयएमटी १२ या कलमाखाली स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट असते. एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही, कलमाचा आकडा घेऊन मागा.

राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम २००८ प्रमाणे दिव्यांगासाठी खास बनवलेल्या गाडीला टोल माफ आहे, पण त्याचा वेगळा फास्टॅग काढावा लागतो. राज्याच्या रस्त्यांना हे नियम लागू होत नाहीत.

तळजाई_टेकडी
जीएसटीची सवलत राहिली का?

कागदोपत्री
पूर्वी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अस्थिव्यंग असलेल्यांना ४ मीटरच्या आतल्या लहान गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के लागायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच लहान गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांत आल्या. म्हणजे त्या दराचा वेगळा फायदा उरला नाही. दिव्यांगांसाठी दर आणखी खाली आणायला हवा, कारण किटचा खर्च फक्त त्यांनाच पडतो.

नर्मदेहर
+१. शेवटचं वाक्य शंभर टक्के.

चाकाची_खुर्ची
मणक्याची दुखापत असलेल्यांसाठी चार ओळी, कारण हाताचा लिव्हर मुख्यतः तेच वापरतात. पोटाच्या स्नायूंना जोर नसेल तर वळणात धड बाजूला कोसळतं आणि हाताबरोबर लिव्हरही ओढला जातो. त्यामुळे छातीवरून पट्टा लावा, किंवा दोन्ही बाजूंनी उंच कडा असलेली सीट घ्या. पायाला झटके येत असतील तर पेडलांपुढे आडवी पट्टी बसवा. संवेदना नसलेल्या त्वचेला उन्हात तापलेलं सीटबेल्टचं बक्कल भाजतं आणि कळत नाही, तेव्हा मे महिन्यात आधी हाताने तपासा. मागच्या खिशात पाकीट, किल्ली काही नको. दर अर्ध्या तासाला गाडी बाजूला घेऊन हातांवर अंग उचलायचं, नाहीतर जखम होते. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर दुखापत असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला तर लगेच थांबा. लघवीची पिशवी भरलीय का, नळी मुडपलीय का, हे आधी बघा.

फिजिओताई_मिरज
मूळ प्रश्नाकडे परत येते. धाग्याच्या पहिल्या ओळीतला एक शब्द आपण सगळ्यांनी सोडून दिला: मधुमेह.

@खडकवासला_वारा, "डावा पाय ठीक" हे कुणी तपासलं? मधुमेहात नसा दोन्ही पायांत बधिर होतात. एक पाय काढावा लागला, तर दुसऱ्याच्या तळव्याची संवेदना तपासल्याशिवाय तो ठीक म्हणता येत नाही. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट असतो, नायलॉनचा केस. डोळे मिटून तळव्यावर ठरावीक ठिकाणी टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि कळलं का विचारायचं. पाच मिनिटांचं काम. बधिरता निघाली तर डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर यादीतून बाद. ज्या कारणाने कृत्रिम पाय नको म्हटलं, तेच कारण इथेही लागू होतं.

शिवाय एकुलत्या पायाला बुटातला रोजचा घासा आणि दाब नको. तो पाय आता जपायचा आहे. आणि गाडी सुरू करण्याआधी साखर तपासायची, इन्सुलिन चालू असेल तर दर वेळी.

ओटी_दादर
हे माझ्याकडून सुटलं होतं. पूर्ण सहमत.

खडकवासला_वारा
तपासणी झाली. डाव्या तळव्याच्या दहापैकी चार ठिकाणी कळलं नाही. दुसरा पर्याय सोडला. मूठ पिळायचा लिव्हर, हिल होल्ड असलेली गाडी. आता सराव कसा आखावा?

डाव्या_लेनमधून
पहिले दोन दिवस इंजिन बंद. खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, शेजारच्याने मध्येच "थांब" म्हणायचं आणि हाताने ब्रेक ढकलायचा. दिवसाला शंभर वेळा. या वेळी डावा पाय आपोआप खाली जातो का ते शेजारच्याने बघायचं. जातो, बहुतेकांचा जातो. तो जायचा थांबेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

मग मोकळं मैदान. नुसत्या रांगत्या वेगाने, ॲक्सिलरेटर न देता, रेषेवर थांबायचं. मग २० च्या वेगाने. मग "थांब" कधी येईल ते न सांगता. गर्दीचा रस्ता त्यानंतर, घाट सर्वांत शेवटी. पंधरा-वीस तास मैदानातच गेले तरी ते जाऊ द्या. ड्रायव्हिंग स्कूलकडून शेजारच्या बाजूला जादा ब्रेक पेडल तात्पुरतं बसवून मिळालं तर जरूर घ्या.

गिअरबॉक्स
पहिल्या ५०० किलोमीटरनंतर किट बसवणाऱ्याकडे परत जा. लिव्हरपासून ब्रेक पेडलपर्यंतच्या दांड्याचे बोल्ट नव्या किटमध्ये थोडे बसतात आणि ढिले होतात. दांड्यात खुळखुळ आली की ब्रेक उशिरा लागतो. स्वतः तपासायचं तर इंजिन बंद ठेवून लिव्हर हळू ढकला. पेडल हलायच्या आधी मूठ बोटभर नुसतीच पुढे जात असेल तर आवळायची वेळ झाली.